पिकअप घेताना थरथरते

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे मामा म्हणायचे. भाच्याने नोकरीच्या पहिल्या दिवशी सवयीने 'मामा' अशी हाक मारली आणि ती सगळ्यांच्या तोंडी बसली. गाड्या धुणारे, स्पेअर पार्टच्या खिडकीतली मुलगी, विमा कंपनीचा माणूस, सगळ्यांचेच ते मामा झाले.

भाचा नोकरीला लागला तोही त्यांच्याच शब्दावर. मामांच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा नवरा अकाली गेला. मुलगा डिप्लोमा करून वर्षभर घरात बसून होता. मामांनी मालकांकडे शब्द टाकला आणि पोराला आपल्या शेजारच्या, गाड्या उचलायच्या लिफ्टवर उभं केलं. इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा, स्टिअरिंगमधली थरथर कोणती आणि सीटखालची कोणती, हे सगळं त्यांनी त्याला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवावी तसं शिकवलं. पोरगा हुशार होता. त्याला गाड्यांपेक्षा माणसं लवकर कळली. नऊ वर्षांत तो काचेच्या केबिनमध्ये गेला, सर्व्हिस मॅनेजर झाला. मामा होते तिथेच राहिले, टेस्ट ड्राइव्हला. जिथे दोष शोधणारा स्कॅनर हात टेकेल तिथे मामांना बोलवायचं, असा रिवाज होता.

मामांना याचं वाईट वाटायचं का? मुळीच नाही. उलट चारचौघांत ते छाती फुगवून सांगायचे, "माझ्या हाताखालचा आहे." घरी 'अरे' म्हणायचे, वर्कशॉपमध्ये न चुकता 'साहेब'.

एका सोमवारी सकाळी काउंटरवर एक बाई उभ्या होत्या. पांढरा गणवेश, खांद्याला पिशवी, ड्युटीवर जायची घाई. लहान मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षं नोकरी केलेल्या सिस्टर. गाडी जेमतेम सात महिन्यांची. आणि याच तक्रारीसाठी त्यांची ही तिसरी खेप.

"साठच्या पुढे पाय दाबला की गाडीच्या अंगात कापरं भरतं. पाय उचलला की गप्प," त्या सांगत होत्या. "पुलाच्या चढावर तर हमखास."

काउंटरवरचा मुलगा तोंडभर हसला. "मॅडम, मागच्या वेळी चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. त्याच्या आधी टायर पुढचे मागे केले. आता राहिला रस्ता. तो काही आमच्याकडे दुरुस्त होत नाही."

"त्याच रस्त्याने मी जुनी गाडी पंधरा वर्षं नेली," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांची नजर मामांकडे गेली. "तुम्ही मामा ना? माझे मिस्टरही म्हणतात की काही नाहीये, तुझ्या डोक्यात आहे. एकदा तुम्ही चालवून बघा. तुम्ही काही नाही म्हणालात तर मी पुन्हा या पायऱ्या चढणार नाही."

किल्ली मामांच्या हातात देऊन त्या रिक्षाने निघून गेल्या.

मामा एकटेच गाडी घेऊन पुलाकडे गेले. सत्तरवर एका लयीत धरली, गाडी शहाण्यासारखी चालली. पाय उचलला, तरी शहाणी. चढ लागताच पाय दाबला आणि सीटखालून ती थरथर आली. बारीक, आडवी, एखाद्याने रागाने पाय हलवत बसावं तशी. मामा पूल उतरले, वळले, पुन्हा चढले. चार वेळा. पाचव्या वेळेची गरजच उरली नाही.

चाकाचा दोष असता तर पाय उचलल्यावरही थरथर राहिली असती. चाकाला काय ठाऊक, वर कुणी पाय दाबलाय की उचललाय! जोर पडला की थरथरते, म्हणजे इंजिनाचा जोर ज्या वाटेने चाकापर्यंत जातो त्या वाटेवरच कुठेतरी पाणी मुरतंय. मामांनी आधी इंजिन ज्यांवर बसतं ती माउंटिंग पाहिली. ती चांगली होती. मग गाडी लिफ्टवर घेऊन उजव्या चाकाकडे जोर नेणारा शाफ्ट हातात धरला. गिअरबॉक्सजवळच्या, आतल्या जॉइंटला पकडून हलवलं. सात महिन्यांच्या गाडीत तो असा खेळायला नको होता. डावीकडचा घट्ट होता, उजवीकडचा म्हाताऱ्याच्या दातासारखा.

स्कॅनरवर अर्थातच काही येत नव्हतं. लोखंडाची झीज स्कॅनरला दिसत नाही.

नुसत्या अंदाजावर बोलायचं नाही हा मामांचा बाणा. मागच्या आवारात याच मॉडेलची डेमो गाडी उभी होती. मामांनी तिचा उजवा शाफ्ट काढला आणि सिस्टरच्या गाडीला बसवला. तीन तास गेले, जेवण राहिलं. पुन्हा पूल, पुन्हा चढ, पाय पार तळाला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. मामा गाडीत एकटेच मोठ्याने म्हणाले, "घे! सापडलीस!"

त्याच आनंदात ते काचेच्या केबिनमध्ये शिरले.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "डेमो गाडीला हात लावायची परवानगी कुणी दिली?"

"अहो साहेब, खात्री करायची होती. वॉरंटीत नवीन मागवा, आला की डेमोला लावतो."

"मामा, वॉरंटीच्या मागण्यांत या महिन्यात आपला नंबर सगळ्यात वर आहे. परवा वरून तपासणीला माणसं येतायत. शिवाय या तक्रारीसाठी कंपनीचं पत्र आलंय. वाहनाचा गुणधर्म लिहायचं आणि सोडायचं."

"गुणधर्म? अरे, मी हाताने हलवून बघितलाय! खराब आहे तो!"

"ज्याचा शाफ्ट त्याला बसवा. आजच." भाचा खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग आवाज उतरवून, घरातल्यासारखा बोलला, "आई काल विचारत होती, मामांची मुदतवाढ झाली का म्हणून. पुढच्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होतात ना? कागद माझ्याच टेबलावर आहे."

ज्याला बोट धरून आणलं तोच आता मनगट पिरगाळत होता, आणि तेही आईचं नाव पुढे करून. मामांना खूप बोलायचं होतं. पण घरी बायकोचं दुखणं होतं, आणि या वयात नवं दार कोण उघडणार? ते लिफ्टकडे परत आले.

चांगला शाफ्ट काढून खराब शाफ्ट बसवायला दीड तास लागला. हात चांगल्या कामाला सोकावलेले, त्यांना वाईट काम वाईट पद्धतीने करता येईना. ग्रीस पुसलं, नवीन क्लिप टाकली, नट मापाने आवळला. शेजारच्या लिफ्टवरच्या इलेक्ट्रिशियनने सगळं पाहिलं आणि तोंड फिरवलं. जॉबकार्डावर मामांनी लिहिलं, 'दोष आढळला नाही. वाहनाचा गुणधर्म.' खाली सही केली.

संध्याकाळी सिस्टर आल्या. "तुम्ही स्वतः चालवली?"

"चालवली."

"मग?"

मामांनी बॉनेटवरचा नसलेला डाग फडक्याने पुसला. "या गाडीला असतं थोडं. काळजी करू नका."

"म्हणजे गाडीत काही नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या, मामांना नव्हे, स्वतःलाच. आभार मानून त्या गेल्या. त्या आभारांनी मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग जाऊ लागलं. मुदतवाढ मिळाली होती, एक वर्षाची.

आठ महिन्यांनी कंपनीचं दुसरं पत्र आलं. त्या काळात बनलेल्या या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांचा उजवीकडचा जॉइंट बदलून द्यायचा, कंपनीच्या खर्चाने. पाठोपाठ कंपनीचं मासिक आलं. त्यात भाच्याचा फोटो होता, लिफ्टखाली उभा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात शाफ्ट. खाली लिहिलं होतं की या अधिकाऱ्याने डेमो गाडीचा शाफ्ट अदलाबदल करून दोष सर्वांत आधी शोधला आणि सविस्तर अहवाल पाठवला. त्याला विभागाच्या मुख्य कार्यालयात बढती.

इलेक्ट्रिशियनने मासिक कँटीनच्या टेबलावर मामांपुढे सरकवलं. "पुलावरचे फेरेसुद्धा चार लिहिलेत बघा, मोजून. मामा मामा म्हणत तुमचाच मामा बनवला की हो!"

टेबलावरचे सगळे हसले. मामाही हसले, कारण न हसून काय करणार? चहा तसाच ठेवून ते केबिनमध्ये गेले.

"बसा ना मामा," भाचा उठून उभा राहिला. "मी स्वतःच येणार होतो सांगायला."

"माझं नाव कुठंय?"

"तुमचं नाव घातलं असतं तर विनापरवानगी डेमो गाडी उघडल्याचं आलं असतं. मी तुम्हाला वाचवलं."

"आणि त्या वेळी का नाही पाठवलंस?"

"त्या महिन्यात पाठवलं असतं तर कुणी वाचलं नसतं. वेळ बघावी लागते, मामा. तुम्हाला गाडी कळते, मला वेळ कळते." तो हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच त्यातलं वाईट.

परत बोलावायच्या गाड्यांची यादी काउंटरवर होती. मामांनी सिस्टरचा नंबर स्वतः फिरवला. त्या म्हणाल्या, गाडी भावाला देऊन टाकलीय, मी चालवत नाही आता. का, ते सांगितलं नाही. मामांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटी टाकून ते हॉस्पिटलमध्ये गेले.

लहान मुलांच्या वॉर्डात त्या नव्हत्या. तळमजल्यावर जुन्या फायलींची खोली होती, तिथे खिडकीशी बसून त्या केसपेपर लावत होत्या.

"तुम्ही?" त्यांनी ओळखलं. स्टूल पुढे केलं.

"वॉर्ड सोडलात?"

"सोडला." सिस्टर कागदांच्या कडा जुळवत बोलत राहिल्या. "तुम्ही म्हणालात गाडीत काही नाही. म्हटलं, इतका जाणता माणूस सांगतो, मग थरथरतंय ते मीच. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, लक्ष ठेवू. लक्ष ठेवू म्हटलं की माणूस लक्षच ठेवत बसतो. चार दिवसांच्या बाळाची शीर किती असते माहितीये? दोऱ्याएवढी. एकदा शंका आली की सुई धरवत नाही. मीच मेट्रनना सांगितलं, मला खाली द्या."

वाटेत मामांनी दहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"गाडीतच होतं," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी सापडलं होतं. मी चांगला पार्ट बसवलाही होता. मग काढला."

"काढला?"

"वरून सांगितलं. माझी मुदतवाढ अडली होती."

सिस्टरच्या हातातले कागद तसेच राहिले. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. रडारड, आरडाओरडा, मामांनी कशाकशाची तयारी ठेवली होती. तसलं काहीच झालं नाही.

"मग आज का आलात?" त्यांनी विचारलं. "नवा पार्ट आलाय म्हणून?"

मामांनी मान खाली घातली. मग विचारलं, "आता वॉर्डात परत जाता येईल ना?"

"ती जागा भरली." सिस्टरनी पुढची फाईल ओढली. "भावाला सांगते गाडी घेऊन यायला. फक्त एक करा. तिला तुम्ही हात लावू नका."

मामांनी लावला नाही. आठवड्याने गाडी आली तेव्हा काम दुसऱ्याने केलं. पण जॉबकार्ड भरायला मामा बसले. शेऱ्याच्या जागी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं की हा दोष आठ महिन्यांपूर्वी सापडला होता, चांगला शाफ्ट मी बसवला होता आणि मॅनेजरच्या सांगण्यावरून मीच परत काढला, तक्रार करणाऱ्या बाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून खरं होतं. खाली तारीख, सही. ग्राहकाची प्रत त्यांनी सिस्टरच्या भावाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुमच्या बहिणीला द्या."

वर्कशॉपची प्रत त्याच दिवशी गहाळ झाली. भाचा बढतीवर गेला, पण जाण्याआधी टेबलावरचे राहिलेले कागद निकालात काढून गेला. मामांची पुढची मुदतवाढ त्यात नव्हती.

त्याच्या सत्काराला मामा गेले नाहीत. ताईंचा फोन आला. "सगळे विचारत होते, मामा कुठे? काय तोंड दाखवायचं मी?"

मामांनी सांगायला सुरुवात केली. शाफ्ट, पूल, सिस्टर. ताईंनी अर्ध्यावरच तोडलं. "त्या लोखंडापायी पोराच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी रुसलास? तूच घडवलास ना त्याला? मग त्याचं बरं झालेलं का बघवत नाही?"

"घडवला मीच," मामा म्हणाले. फोन ठेवला गेला. त्यानंतर ताईंनी फोन केला नाही, यांनीही नाही.

आता ते रिंगरोडवरच्या एका टायरवाल्याकडे सकाळचे चार तास बसतात. चाकं बॅलन्स करतात. काम बरं आहे, फारसं डोकं लागत नाही. अधूनमधून वाटतं, सिस्टरच्या भावाला एकदा गाठून विचारावं की कागद दिला का. पण त्याने नाही म्हटलं तर काय करायचं, आणि हो म्हटलं तर पुढे काय विचारायचं, हे दोन्ही त्यांना ठरवता आलेलं नाही. नंबर खिशात आहे. फोन अजून केलेला नाही.