झारा सापडेपर्यंत एक पुरी बाहेर जाणार नाही

झारा चोरीला गेला, हे मी त्या दिवशी पाचदा सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. आता ते लोक बरोबर निघाले हा भाग वेगळा, पण माणसाचं ऐकून तर घ्यावं?

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझी कँटीन आहे. मी चौथी शिकलेली, पण तिथल्या शिकलेल्यांची पोटं माझ्या हातात. मागच्या वर्षी तिथे एक नवे सर आले. आयुष्यभर विमानाचे भाग बनवायचा कारखाना चालवला, आता पोरांना शिकवतात, की इंजिनिअरनं माणसं आणि काम कसं सांभाळायचं. एक दिवस अख्खा वर्ग घेऊन ते माझ्या स्वयंपाकघरात शिरले. भिंतीला खिळे ठोकले, पळी, झारा, उलथनं टांगलं आणि प्रत्येकामागे काळ्या रंगानं त्याचा आकार काढला. विमानवाला माणूस माझ्या पळीचं चित्र काढतोय, काय सांगू तुम्हाला, मी तर फुगूनच गेले.

"ताई, आमच्याकडे एक पाना जागेवर नसला तर विमान हलत नाही. इंजिनात राहिला असला तर?"

"अन् ज्यानं हरवला त्याचं काय करता?"

"शिक्षा नाही. फक्त त्या आकाराखाली त्याचं नाव लिहायचं. बाकीचे शिकतात."

"मोठ्या अक्षरात लिहा," मी म्हटलं. कुसुम, माझी धाकटी जाऊ, तिथेच भांडी घासत होती. तिनं ऐकलं.

मग प्रिन्सिपल मॅडम जेवायला येणार तो दिवस उजाडला. जेवण पसंत पडलं तर पुढच्या वर्षीही कँटीन माझी, नाही तर दुसऱ्याची. तेल तापलं, पुऱ्या लाटून तयार. वर पाहते तर झाऱ्याच्या जागी नुसता काळा आकार.

"काहून वं कुसुम, झारा कुठी आहे?"

"मले काय माहीत बाई? मी तं कांदे चिरून राहिली."

"चोरला कोणीतरी."

"झारा कोण चोरते? पळीनं काढ ना पुऱ्या."

"झारा सापडेपर्यंत एक पुरी बाहेर जाणार नाही."

गॅस बंद केला. कुसुमची पिशवी उलटी केली, तिचं तोंड एवढंसं झालं. भाजीत पडला असेल म्हणून आलूच्या भाजीचं अख्खं गंज परातीत उपडं केलं. बाहेर मॅडमसमोर कोरडं ताट. शेवटी सर मागच्या दाराशी आले.

"ताई, दार उघडा. मॅडम कधीच्या बसल्या आहेत."

"कडी तुटली हाये सर. कुत्रं कणकेत तोंड घालते म्हणून सकाळी मीच कोयंड्यात काहीतरी अडकवलं."

"काय अडकवलं वं बाई?" कुसुमनं विचारलं.

मी गॅस पेटवायला वळले.

ती गेली, कोयंड्यातून झारा ओढला, दार उघडलं आणि झारा माझ्या हातात दिला. मग परत कांदे चिरायला बसली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुऱ्या अर्धा तास उशिरा गेल्या. मॅडमनी कारण विचारलं, सरांनी सगळं सांगितलं. मॅडम हसल्या, सहा पुऱ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "मलाही उपाशी ठेवते, पण नियम मोडत नाही. राहू द्या हिलाच."

सर रंगाची डबी घेऊन आले, पण त्यांचा हात उठेना. "जाऊ द्या ताई, यावेळी नको."

"काहून नको?" कुसुम म्हणाली. "लिहा सर. मोठ्या अक्षरात."

नियम म्हणजे नियम. ब्रश मीच घेतला आणि झाऱ्याखाली माझ्या हातानं लिहिलं: विमल गजभिये.