सर्वानुमते

बीडमध्ये विद्यापीठ आणि विद्यार्थी संघाची एकत्र बैठक होते, तिचं इतिवृत्त आमचे बाबू लिहितात. प्रत्येकाचं बोलणं ते त्यालाच वाचून दाखवतात, "असंच म्हणलात ना?" विचारतात आणि मगच पुढं जातात. या सवयीला सगळे वैतागतात.

गेल्या बैठकीत परीक्षा संध्याकाळी घ्यायचा ठराव आला. संघाची प्रतिनिधी, नेकनूरची मुलगी, उठली. "पेपर सुटल्यावर आमच्याकडं एसटी न्हाई. घरचे पोरींना परीक्षेलाच धाडणार न्हाईत."

बैठकीचे अध्यक्ष असलेले विद्यापीठाचे साहेब म्हणाले, "बाबू, सर्वानुमते मंजूर लिहा."

बाबूंनी पेनाला टोपण लावलं. "ही न्हाई म्हणलीय साहेब. सर्वानुमते कसं लिहू?"

तिचा विरोध तिच्याच शब्दांत नोंदला गेला. शिक्षक म्हणून मीही तिथं होतो. मला वाचून दाखवण्यासारखं बाबूंकडे काहीच नव्हतं.