पहिल्या रिळावरचं बोलणं

माझ्या जावयाला घरात सगळे गुपचूप म्हणतात. हे नाव माझ्या लेकीनेच ठेवलं, लग्न नवं होतं तेव्हा. "आई, तू मला नवरा बघून दिलास की कपाट?" असं ती विचारायची. मी म्हणायची, "कपाट बरं गं, उघडलं की आतून काहीतरी निघतं तरी." जावई समोरच बसलेला असायचा. हसायचासुद्धा. पण बोलायचा नाही.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना 'तो' लिहिते आहे, कारण मनात तो मला मुलासारखाच आहे. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. "कशी झालीय?" विचारलं तर त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मीठ आठवणीने घातलं, तरी मान तशीच डोलली. असा माणूस रागावला कधी, खूश झाला कधी, काही कळायला मार्ग नाही.

काम मात्र त्याचं आवाजाचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बुजवलेल्या, मधे एक जाड काच. काचेच्या एका बाजूला गाणारे गातात, दुसऱ्या बाजूला जावई बसतो. तिथे नवी गाणी टेपवर काढतात. पूर्वी ताटलीएवढ्या चाकांवर गुंडाळलेली टेप असायची ना, तीच. मला आधी वाटलं, जुनी गाणी जपून ठेवत असतील. तर नाही! गाणी आजची, गाणारे आजचे, अल्बम कोरा करकरीत, आणि तो विकायचा रिळावर. लोक ते हौसेने घेतात. मालक वयाने माझ्या नातवाएवढा. मला म्हणाला, "आजी, टेपमध्ये आवाज श्वास घेतो." मी म्हटलं, "मग त्याला अधूनमधून पाणीही पाजत जा."

मी दुपारचा डबा घेऊन जायची, म्हणून मला तिथलं सगळं माहीत. एका मशीनवर मूळ रीळ लावायचं, दुसऱ्यावर कोरं. मूळ रीळ वाजत जातं तसतसं कोऱ्यावर उतरत जातं. गाणं जेवढं लांब, तेवढाच वेळ बसायचं, घाई चालत नाही. उतरवून झालं की नवं रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आणि ऐकून झालं की ते परत गुंडाळायचं नाही. शेवटचं टोक बाहेर तसंच ठेवून खोक्यात घालायचं. ज्याला ऐकायचं असेल त्याने आधी उलटं गुंडाळायचं, मग लावायचं. वेढ्याला वेढा चिकटून राहिला की एकाचा आवाज दुसऱ्याला लागतो म्हणे, आणि असं ठेवलं की तो गाण्याच्या पुढून न येता मागून येतो, त्यामुळे कानाला खुपत नाही. एवढं कौतुक आमच्या घरात कुणी माणसाचं केलं नसेल.

आणखी एक रीत होती. पहिलं उतरवलेलं रीळ ज्याचं गाणं त्याच्या घरी जायचं. त्याने ऐकून हो म्हटलं, तरच पुढची रिळं करायची.

यंदा मालकाने एका बाईंचा अल्बम काढायचं ठरवलं. बाईंनी जन्मभर गाणं शिकवलं, पण गळ्याच्या दुखण्यानंतर कित्येक वर्षं त्या चारचौघांत गायल्या नव्हत्या. मालकाने त्यांच्या घराच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे तयार झाल्या. त्यातही अट घातली. "मला पटलं नाही तर टेप माझ्यासमोर पुसायची. मी गायलेच नव्हते असं समजायचं." तो म्हणाला, बरं. बाई थांबून थांबून, गरम पाणी पीत गायल्या. मालक तर तिथे येताना चपलासुद्धा हातात घेऊन यायचा.

पहिलं रीळ बाईंकडे गेलं. नंतर एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर मालक कपाळाला हात लावून उभा, आणि जावई खुर्चीत, हनुवटी छातीला टेकलेली.

"आजी," मालक म्हणाला, "तुमचे जावई बोलतात."

"कोण?"

"हे. हे तुमचे."

"काहीतरीच काय!"

"बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, माझ्या गाण्यात हा कोण पुरुष बडबडतोय?"

मला हसू फुटणार होतं, पण जावयाचा चेहरा बघून ते गिळलं. मग मालकाने उलगडून सांगितलं. काचेपलीकडच्या माणसाशी बोलायला टेबलावर एक इवलासा माईक असतो. बटण दाबलं की उघडतो, पुन्हा दाबलं की मिटतो. टेप उतरवताना तो मिटलेला आहे ना, हे बघायचं काम जावयाचं. त्या दिवशी तो उघडाच राहिला, आणि मूळ रीळ ऐकता ऐकता हा जे पुटपुटला ते सगळं गाण्याबरोबर नव्या रिळावर जाऊन बसलं.

"पण उतरवल्यावर ऐकतात ना पूर्ण?" मी विचारलं.

मालकाने जावयाकडे पाहिलं. जावई हळूच म्हणाला, "सुरुवात ऐकली. शेवट ऐकला." बाईंची शिष्या रीळ न्यायला दारात येऊन उभी होती. तिला "थोडं थांबा" म्हणायला हवं होतं, आणि तेवढे दोन शब्द याच्याने बोलवले नाहीत. म्हणून मधलं न ऐकताच खोकं तिच्या हातात दिलं. मशीनशी बडबडणारा माणूस, माणसाशी दोन शब्द बोलता येईनात म्हणून अडकला.

"मी बोलतो?" त्याने मालकाला विचारलं. खरंच विचारत होता. त्याला ठाऊकच नव्हतं.

"आणि काय बोललात माहीत आहे?" मालक म्हणाला. "मी नाही सांगणार. बाई म्हणाल्या, ज्याचा आवाज आहे त्याला पाठवा. तोवर त्यांचं हो नाही, आणि नाहीही नाही."

घरी लेकीला कळलं तेव्हा मला वाटलं होतं ती हसेल. तिने हातातली भांडी ओट्यावर आपटली.

"इतकी वर्षं मी भिंतींशी बोलतेय इथे! आणि तुम्ही तिकडे चाकांशी गप्पा मारता?"

जावई उभाच.

"निदान काय बोललात ते तरी सांगा."

"आठवत नाही," तो म्हणाला.

"वा! म्हणजे तिथलंही बोलणं आपल्या वाट्याला नाहीच."

मी तिला म्हटलं, "पुरे आता." पण ती काही चुकीचं बोलत नव्हती. रात्रीचं जेवण तिघांनी ताटात बघत उरकलं.

सकाळी मी केस विंचरत होते, तर हा दारात येऊन उभा. म्हणाला, "आई, याल?" त्याने माझ्याकडे काही मागितलं ते पहिल्यांदाच. मी वेणी अर्धी सोडून उठले.

बाईंची खोली लहान होती आणि स्वच्छ होती. टेबलावर मशीन, त्यावर हाताने शिवलेलं झाकण. बाई शाल घेऊन बसल्या होत्या, अंगाने काटकुळ्या, नजर मात्र अशी की आपला पदर सरळ आहे ना ते बघावंसं वाटावं.

"कोण ते बोलणारे?"

मी जावयाकडे बोट केलं.

"आणि तुम्ही?"

"मी सासू. सोबत आलेय."

"म्हणजे यांचं तोंड तुम्ही की काय?"

"नाही हो. तोंड त्यांचं त्यांनाच आहे. मी नुसते पाय. एकटे आले नसते."

बाईंनी झाकण काढलं, रीळ लावलं आणि उलटं गुंडाळायला सोडलं. चाकं गरागरा फिरत होती आणि आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "ऐका."

गाणं सुरू झालं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो आवाज जुन्या मऊ लुगड्यासारखा होता, विरलेला आणि तरी ऊबदार. दुसरं गाणं लागलं, आणि त्या आवाजामागून, लांबून, कुणीतरी बोलायला लागलं. "हां... हळू... हळू... बस. बघ कशी आली." मी ओळखलंच नाही. मग तो म्हणाला, "अगं बाई, असं कुणी गातं का, जीव घेशील एखाद्याचा!" या माणसाच्या तोंडात असले शब्द होते! माझ्या लेकीने त्यातला एक जरी ऐकला असता तर तिने भांडी आपटली नसती.

मग तिसरं गाणं आलं. वरच्या सुरावर जाता जाता बाईंचा आवाज कापला, मलासुद्धा कळलं. आणि पाठोपाठ तो म्हणाला, "गेला. गेला सूर. दमली. म्हातारपणी कशाला हा हट्ट? घरी बसायचं सोडून."

मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. मीही म्हातारीच. माझ्या मीठ विसरण्याबद्दल, माझ्या एकच गोष्ट दहादा सांगण्याबद्दल हा माणूस मनात काय काय पुटपुटत असेल! जावयाकडे बघायची हिंमत झाली नाही.

गाणं पुढे गेलं. आता मागून बोलणं नव्हतं, कुणीतरी गुणगुणत होतं. बाईंनी आवाज बारीक केला. चाकं फिरतच राहिली.

"ही गुणगुण ऐकलीत?" त्या मला म्हणाल्या. "एक सूर जागेवर नाही. आणि हे माझा सूर काढणार!"

मी फिस्सकन हसले. मग जावई दिसला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला, आणि मी पदर तोंडाला लावला.

"बोला," बाई त्याला म्हणाल्या.

तो उठून उभा राहिला. ओठ हलले. काही आलं नाही. कपाळावर घाम आला, तोही त्याने पुसला नाही. मला राहवेना. "बाई, त्यांच्या मनात तसं काही..."

"तुम्ही नाही."

मग बाईंनी काय केलं, खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या. "मी इथे नाही," त्या म्हणाल्या. "चाकं आहेत समोर. त्यांच्याशी बोला."

जावयाने चाकांकडे पाहिलं.

"सूर पडला," तो म्हणाला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अरे, माफी माग! एवढ्या लांब आलो ते काय त्यांच्या घरात बसून पुन्हा तेच ऐकवायला?

"पडला तो खरं आहे," तो चाकांना सांगत होता. "तिथे श्वास पुरला नाही. पण पुढचं जे बोललो... घरी बसायचं वगैरे... ते कुठून आलं मला माहीत नाही. असं माझ्या आत आहे हे मला माहीत नव्हतं. काल रात्रभर आठवून पाहिलं, आठवलं नाही. लाज वाटते. माझा आवाज मला ऐकवत नाही." तो थांबला. वाटलं, संपलं. "पुढच्या ओळीत तुम्ही तो सूर उचललात. तेव्हा मी काही बोललो नाही. गात होतो."

बाईंची पाठ हलली नाही. शालीचं एक टोक तेवढं त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"पडला ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "गातानाच ठाऊक होतं. वाटलं होतं, मला एकटीलाच."

त्यांनी शालीचं टोक सोडलं.

"मालकाला सांगा, काढा अल्बम. तिसरं गाणंही राहू दे, आहे तसं. लपवून आता काय उपयोग."

"हे रीळ पुसून देतो," जावई म्हणाला. "दुसरं करून आणतो."

"हात लावू नका. हे माझ्याकडे राहील."

"पण त्याच्यावर..."

"माझ्या गाण्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नाही, आणि इतकं वाईटही. राहू दे. आणि पुढची रिळं पूर्ण ऐकायची. मधलं सोडायचं नाही."

त्या आम्हाला सोडायला उठल्या नाहीत. चहाचंही विचारलं नाही.

परत येताना तो माझ्या चार पावलं पुढे चालत होता. मी म्हटलं, "चला, बाई हो तर म्हणाल्या." त्याने मागे न बघता मान हलवली. या वेळची मान मला कळली. ते बोलणं त्या घरात राहिलं होतं, हवं तेव्हा उलटं गुंडाळून पुन्हा ऐकता येईल असं, आणि ते परत आणायचा काहीही उपाय नव्हता.

आता बाईंच्या अल्बमची रिळं रोज होतात. मी डबा घेऊन जाते तेव्हा काचेतून बघते. टेबलावरच्या माईकचं बटण मिटलेलं असतं, वर चिकटपट्टी लावलेली असते, तरीही जावयाच्या दातांत एक पेन्सिल असते. लेक तक्रार करते की घरातल्या सगळ्या पेन्सिली उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्यात. तिसरं गाणं येतं, तो सूर येतो, आणि याची मान खाली जाते. पुढची ओळ सुरू होईपर्यंत वर येत नाही. प्रत्येक रिळाला. मीच कधी कधी तोंड फिरवते.

परवा तो बाहेर आला, डबा उघडला, दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"आई," तो डब्याकडे बघत म्हणाला, "भाजी खारट आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला आधी लागलं, खोटं कशाला बोलू. कान गरम झाले. मग मी बाकावरच वळले, त्याच्याकडे पाठ करून सायकलच्या दुकानाकडे तोंड केलं आणि म्हटलं, "बरं. आणखी?"