मिनती फोटा पोचवते

मिनती नस्करला या धंद्याच्या भरीला मीच घातलं, म्हणून तिची बोलणीही मलाच खावी लागतात. आमच्या बेहाला भागात घरटी एक म्हातारं माणूस आणि मुलं बंगळूरला नाहीतर अमेरिकेत. "औषधं, गॅस, बँक, बाजार. तू नुसती धाव," असं मी म्हटलं आणि मिनतीने 'मी आहे ना' अशी कार्डं छापून दारोदार वाटली. पण म्हाताऱ्यांना काम नुसतं करून नको असतं, त्यांनी स्वतः केल्यासारखं करून हवं असतं. एकजण तिने आणलेल्या रुई माशाचे कल्ले उघडून बघतो आणि तिला पुन्हा बाजारात पिटाळतो. दुसरा तिला बँकेच्या रांगेत उभी करतो आणि फोनवर विचारतो, पुढे कोण उभंय, आपल्या ओळखीचा आहे का?

या सगळ्यांवर कडी केली माझ्या समोरच्या दारातल्या प्रीतिकणा माशीमांनी, म्हणजे मावशींनी, तीही भाऊबीजेला. माशीमांचा पाय प्लास्टरमध्ये. त्यांचे थोरले भाऊ रेबतीबाबू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, श्यामबाजारला राहतात, तेही गुडघ्यांमुळे घरात अडकलेले. दरवर्षी माशीमा स्वतः जाऊन भावाच्या कपाळी चंदनाचा फोटा, म्हणजे टिळा, लावायच्या. यंदा त्यांनी मिनतीला बोलावलं, चंदनाची वाटी, साळीचे दाणे, दूर्वा आणि संदेश मिठाईचा डबा तिच्या हातात दिला. "माझ्या नावाने दादाला फोटा लावून ये."

"माशीमा, मी सामान पोचवते. नाती नाही पोचवत."

"मग कार्डावर 'सर्व कामे' कशाला छापलंस?"

मिनतीने माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. कार्डावरचा मजकूर माझाच होता.

भाऊ परगावी असला की बायका भिंतीला फोटा लावतात. मी तसं सुचवलं मात्र, माशीमा कडाडल्या, "भिंतीला? दादा काय विलायतेत आहे? बसने जाता येतं त्याच्याकडे!"

मिनती गेली. फोटा लागेपर्यंत बहिणीने खायचं नसतं, आणि माशीमांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी उपास कधीच बंद केलेत, पण डॉक्टरांचं ऐकतंय कोण! मी शेजारी बसून राहिले. ऊन वर आलं तशी त्यांची बोटं थरथरायला लागली, ओठावर घाम आला. मला धडकी भरली. घरात ठेवलेल्या संदेशचा तुकडा तोंडाशी नेला तर त्यांनी दात आवळले.

तेवढ्यात मला मिनतीचा फोन. मी स्पीकर लावला. "बौदी, हे हात लावू देत नाहीत!"

मागून रेबतीबाबू गरजत होते, "भाड्याची बहीण पाठवते? प्रीतीला म्हणावं, स्वतः ये!"

"पाय मोडलाय माझा!" माशीमा माझ्या कानाशी किंचाळल्या.

"पाय मोडलाय, टॅक्सी मोडली का?"

मग मात्र माझा तोल सुटला. "रेबतीबाबू, तुमची बहीण सकाळपासून उपाशी आहे! चक्कर यायची बाकी आहे, आणि तुम्ही भांडताय काय?"

तिकडून बारीक आवाजात, "हे आधी सांगता येत नव्हतं? लाव गं पोरी, लाव लवकर."

"लावला," मिनती म्हणाली.

"कुठल्या बोटाने?" इति माशीमा.

"उजव्या हाताच्या..."

"डाव्या हाताची करंगळी! पूस तो. परत लाव."

मिनती काय पुटपुटली ते मी लिहीत नाही. दुसऱ्यांदा नीट लावला. मी ताट पुढे केलं तर माशीमा म्हणतात, "थोरल्याचा आशीर्वाद मिळाल्याशिवाय फोटा पुरा होत नाही."

"त्यांनी दिला की मला!" मिनती फोनवरून ओरडली.

"मग घेऊन ये."

मी कपाळावर हात मारला. मनात आलं, यांना काही झालं तर यांच्या मुलाला काय तोंड दाखवू? पाण्याचे दोन घोट घेतले त्यांनी, तेही मी रडकुंडीला आल्यावर.

दार आपटत मिनती आत आली. घामाने निथळत होती. "आशीर्वाद काय पिशवीत घालून आणतात? डोक्यावर दाणे टाकले आणि म्हणाले, सुखी राहा, पडू नकोस. झालं समाधान?"

"पडू नकोस म्हणाला?" माशीमांचा आवाज उतरला. "बस इथे."

मिनती फणकाऱ्याने जमिनीवर बसली. माशीमांनी तिच्या केसांत बोटं घातली. बसच्या गर्दीतूनही चार-सहा दाणे तिथे अडकून राहिले होते. एकेक वेचून त्या आपल्या डोक्यावर ठेवायला लागल्या. निसटला की पुन्हा शोधायच्या. एरवी एका जागी न टिकणारी मिनती मान खाली घालून बसून होती.

शेवटचा दाणा त्यांनी शोधला, बोटाने चाचपला आणि तसाच सोडून दिला.

"हा राहू दे," म्हणाल्या. "दादाच्या कपाळी बोट तुझं लागलंय."

मग माझ्याकडे वळून त्यांनी घासासाठी तोंड उघडलं.