जावयाला दिलेलं जाळं

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं. शाळा चौथीत सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी उद्या कुणाच्या हाती लागलं तर हसू नये, म्हणून सांगून ठेवते. चारचौघांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून लिहिते.

मी मिनेसोटात लेकीकडे राहते. मालक गेल्यावर तिने कागदपत्रं करून मला कायमची आणली. जावई सोन्यासारखे आहेत, तरी त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीच्या कडेवरच बसते.

त्यांना एकच वेड, मस्कीचं. हा इकडच्या तळ्यांतला मासा. लांबीला शाळेत जाणाऱ्या पोराएवढा, जबडा कुत्र्यासारखा, आणि सहजी गळाला लागत नाही. जावई शनिवारी दिवसभर गळ फेकतात आणि संध्याकाळी उन्हाने लाल होऊन येतात. "आई, आज दोन आले होते बोटीपर्यंत," असं आनंदाने सांगतात. म्हणजे दोन मासे गळामागून आले, बघितलं आणि परत गेले. मुलगी बघायला येऊन पोहे खाऊन जाणाऱ्या पाहुण्यांसारखे.

आणि एवढं करून सापडलाच तर मोजतात, फोटो काढतात आणि सोडून देतात! मी रत्नागिरीकडची. मासा मोजताना कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे मोजायच्या त्या तुकड्या.

जावयांनी मला समजावून सांगितलं. तळ्यात हे मासे थोडे. सरकारचं मासेखातं थंडी संपली की जाळी लावून ते धरतं, कातडीखाली तांदळाएवढी खूण बसवतं आणि सोडतं. पुढे कुणाला तो मासा मिळाला की अंगावरून यंत्र फिरवायचं, नंबर येतो. नंबर आणि लांबी खात्याला कळवायची, म्हणजे मासे वाढताहेत की घटताहेत ते समजतं. जावई आणि त्यांचा क्लब हे काम फुकट करतात. "शिरगणतीच म्हणा ना, आई." आमच्याकडे शिरगणतीला मास्तर यायचे, त्यांना निदान चहा मिळायचा.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, त्यात जावयाला वाण द्यायचं, आणि ते जाळीदार हवं. अनारसे, बत्तासे, भोकं असलेलं काहीतरी. मालक होते तेव्हा आम्ही चांदीची वाटीही दिली होती. आता मी जावयांच्याच घरात राहते, त्यांचंच खाते.

लेक म्हणाली, "आई, काही करू नकोस. फारच वाटलं तर माझं कार्ड घे."

"तुझं कार्ड म्हणजे त्यांचंच. त्यांच्या पैशाने त्यांनाच वाण? मग मी काय दिलं?"

त्याच आठवड्यात गळाला लागलेला मासा धरायचं जावयांचं दांड्याचं जाळं फाटलं. बोटीशी आलेला मासा भोकातून निघून गेला. जावई जेवले नाहीत, गॅरेजमध्ये त्या भोकात हात घालून बसले. ते बघताना माझ्या मनात आलं, वाणाला याहून जाळीदार काय असणार?

शेजारी नागपूरची एक मुलगी राहते, लेकीच्या वयाची. तिला मी ताई म्हणते. तिने मला दुकानात नेलं. तिथलं मस्कीचं जाळं एवढं मोठं की आत पाळण्यातलं बाळ पाळण्यासकट मावेल. मी किमतीचं रुपयांत गणित केलं आणि जाळं खाली ठेवलं.

"काकू, रुपयांत नका न मोजू बाप्पा! तसं मोजलं तर इथे मीठही घेववणार नाही."

पैसे तिने भरले. मी म्हटलं, "हे उसने. एकेक डॉलर फेडीन. आणि जावयांना कळू देऊ नकोस. कळलं की ते देऊन मोकळे होतील, आणि वाण त्यांचंच त्यांना जाईल."

"मग चकल्या करा. मी ऑर्डरी आणते," ताई म्हणाली.

वाणाच्या दिवशी मी जाळ्याच्या दांड्याला हळदकुंकू लावलं, आत तेहतीस अनारसे ठेवले आणि वर दिवा ओवाळला. जावई आधी अनारशांकडे बघत होते. मग जाळ्याकडे बघितलं. माझ्या पाया पडायला वाकले, ते जाळ्यात पाय अडकून जवळजवळ पडलेच.

पुढच्याच शनिवारी त्यांच्या मित्राने येणं कॅन्सल केलं. लेकीला ऑफिसचं काम होतं. मोठ्या माशाला दोन माणसं लागतात, एक गळाला, एक जाळ्याला.

"आई, तुम्ही याल?"

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून गेले. लुगड्यावर लाइफ जॅकेट घातलं. एवढ्याशा बोटीत सासू आणि जावई समोरासमोर, आणि पदर घ्यावा तर जॅकेटखाली अडकलेला. मी तळ्याकडे बघत होते, ते तळ्याच्या दुसऱ्या बाजूकडे. दुपारपर्यंत आम्ही बोललो ते एवढंच: "पाणी हवं?" "नको."

मग गळ बोटीशी आला आणि मागून आलेल्या माशाला भुलवायला जावई गळाच्या काठीचं टोक पाण्यात गोल गोल फिरवू लागले. मी खाली बघितलं. पाण्यात एक ओंडका होता. ओंडक्याला डोळे होते.

पाणी उसळलं, काठी वाकली, आणि जावई ओरडले, "अगं घाल! घाल जाळं! डोक्याकडून! शेपटीकडून नको, अगं डोक्याकडून!"

मी घातलं. मासा आत आला तशी मी दांडा धरून बोटीत बसकण मारली, आणि जाळं पाण्यातच धरून ठेवलं. जाळं मजबूत निघालं.

मग जावयांच्या लक्षात आलं. "आई, मी तुम्हाला अगं म्हणालो का?"

"दोनदा," मी म्हटलं.

त्यांनी कान पकडले. मी हसले, तसे तेही हसले. यंत्र फिरवलं, ते वाजलं, मग लांबी मोजली. मासा खात्याच्या यादीतला होता आणि मागच्यापेक्षा वाढला होता. जावयांनी फोटो काढला, शेपटी धरून त्याला पाण्यात हळूहळू हलवलं आणि सोडून दिला. माझ्या डोळ्यांसमोर त्याचं कालवण होऊन गेलं, पण महिना अधिकाचा, मी मासे सोडलेलेच होते.

आनंदात जावयांच्या तोंडून निघून गेलं, "आई, ताईंच्या मिस्टरांनी मला जाळ्याचं सांगितलंय. एवढ्या पैशांचं ओझं कशाला? मी आत्ताच ट्रान्सफर करतो." आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

मी आयुष्यात जावयांशी मोठ्याने बोलले नव्हते. जाळं उचलून पाण्यावर धरलं आणि म्हटलं, "करा. करा बघू. हे आत्ता तळ्यात सोडते. तुमचा मासा सोडलात ना, तसंच."

जावयांनी फोन खिशात घातला, चेन लावली आणि दोन्ही हात मला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले.

तरी ते गप्प बसले नाहीत. काही दिवसांनी ताई म्हणाली, "काकू, एका ऑफिसची मोठी ऑर्डर आहे." मी खूश झाले, दिवसभर सोऱ्या फिरवला, दंड दुखले. आठवड्याने बोटीत चढले तर गळांच्या पेटीत माझ्याच चकल्यांचे डबे.

"ऑफिसला सुट्टी आहे का?" मी विचारलं.

जावई गळाकडे बघत म्हणाले, "आई, चकल्या खरंच चांगल्या आहेत."

"खा की. घरात फुकट मिळतात."

घरी येऊन ताईला सांगितलं, ती ऑर्डर धरायची नाही. ते पैसे जावयांना परत कर.

"काकू, अहो, अर्धं फिटलं होतं! पुन्हा मागे जाता?"

"जाते."

मग दिवाळी आली. परक्या घरांच्या ऑर्डरी इतक्या आल्या की स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा सारखा वाजायचा आणि लेक टॉवेल हलवत उभी राहायची. तळी गोठली, बोट झाकून ठेवली, तरी ताईचे थोडे पैसे राहिलेच होते. ते संक्रांतीच्या गुळपोळ्यांनी भरून निघाले. उरलेल्या पैशांचं पाकीट घेऊन बर्फातून ताईच्या दारात गेले.

ताईने पाकीट तसंच टेबलावर ठेवलं.

"मोज," मी म्हटलं.

"राहू द्या न, काकू."

"मोज."

तिने मोजले. पूर्ण होते.