वरच्या आळीचा नळ आणि काळुरामची चावी

पेणमध्ये नगराध्यक्ष कोण हे पाच माणसांना विचारलं तर तीन चुकायचे. पण पाणी सोडणारा कोण, हे तान्ह्या पोरालाही माहीत असायचं. खांद्यावर रस्त्याखालचे व्हॉल्व फिरवायची पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, खाकी हाफपँट आणि चेहऱ्यावर हायकोर्टाचा जज्ज असल्याचा भाव, असा काळुराम रस्त्यानं निघाला की बायका घागरी सरसावून नळाशी बसत. त्यानं चावी फिरवली की पेठ आंघोळ करी, त्यानं चावी काढली की पेठेच्या डोळ्यांत साबण राही.

काळुराम मूळचा धरमतरच्या खाडीकडचा. लहानपण मिठागरात गेलं. चहूकडे पाणी, पण तोंडात घ्यावं तर थूथू. पिण्याची घागर आई दोन कोसांवरून आणायची. असा माणूस सहासष्ट साली पाण्याच्या खात्यात चिकटला, आणि पहिल्याच महिन्यात त्यानं काय केलं? स्वतः राहायला आला होता त्या वरच्या आळीला सर्वांत आधी, सर्वांत जास्त पाणी सोडलं. आळी खूश. पण भाजीवाल्या विमलबाईनं भर बाजारात तोंड सोडलं, "काळुरामाच्या दारात नदी नि आमच्या दारात वाळू!"

झालं. गडी लाजला तो असा लाजला, की वरची आळी त्यानं थेट यादीच्या शेपटाला नेऊन बांधली. दिवसाआड, पहाटे पावणेपाचला, वीस मिनिटं. तेव्हापासून सारं गाव म्हणू लागलं, "माणूस असावा तर काळुरामसारखा. स्वतःच्या घरातसुद्धा शेवटी पाणी!" हे ऐकलं की काळुरामची छाती दोन इंच फुगायची. नाव काळुरामचं व्हायचं आणि हंडे आळीचे रिकामे राहायचे. आळीनं कारण विचारलं की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "चढ हाय ना. गाव वाढलं, आता पाणी चढत नाय." आळी बिचारी टेकाडाला शिव्या घालत गप्प बसायची. बावीस वर्षं टेकाडानं त्या निमूट ऐकून घेतल्या.

त्याच्या कामात मात्र खोट काढायची कुणाची टाप नव्हती. जमिनीखाली पाणी कुठं अडलंय ते तो चावीच्या दांड्याला कान लावून ऐकायचा, डॉक्टर छाती तपासतात तसा. एकदा कुणा ठेकेदारानं डांबरीकरण करताना व्हॉल्वची सगळी झाकणं डांबराखाली गाडली. नवा साहेब नकाशा उलटासुलटा करून थकला. काळुराम आला, न्हाव्याच्या पायरीपासून अकरा पावलं चालला, तिथं पहार मारली. टण्ण! साहेब म्हणाला, "पण इथं न्हावी कुठंय?" काळुराम म्हणाला, "न्हावी गेला हो शहात्तर साली. पायरी माझ्या डोक्यात हाय."

तर अशा या माणसाच्या घरी अठ्ठ्याऐंशी साली पेच पडला, आणि तो पेच चावीनं सुटणारा नव्हता.

मुलगा पुंडलिक रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत लागला होता. तीन शिफ्ट, पेण ते रोहे एसटीचा पास. रोह्याचीच हौसा नावाची मुलगी त्याला सांगून आली. पुंडलिकला ती इतकी आवडली, की रात्रपाळी करून आला तरी झोपेत हसायचा. मुलीचे वडील दत्तात्रेय मऊ माणूस. पण मुलीची आई काशीबाई म्हणजे जातिवंत तपासनीस. तिचं माहेरही खारेपाटात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखात, डोक्यावर घागरी वाहून मान आखडलेली. तिची एकच अट होती. जमीन विचारणार नाही, सोनं विचारणार नाही, पण मुलगी द्यायच्या आधी त्या घरचा नळ स्वतःच्या हातानं सोडून बघणार. याआधी दोन स्थळं तिनं मोरीतूनच परत फिरून मोडली होती.

ती यायची होती रविवारी, दुपारी चार वाजता.

इंदुबाईनं, म्हणजे काळुरामच्या बायकोनं, शनिवारी ताटात भाकरी वाढता वाढता विषय काढला. "उद्या चारला आपल्याकडं पाव तास सोडा."

"चारला कुंभार आळीची पाळी."

"एक दिवस मडकी कोरडी राहिली तर फुटत नाय ती."

"इंदे, बावीस वर्षांत नगराध्यक्षासाठी चावी फिरवली नाय मी."

"नगराध्यक्ष काय पोरगी देतोय आपल्याला?"

काळुरामनं भाकरीचा तुकडा उगीच दहा वेळा चावला. इंदुबाईनं ओळखलं, इथं पहार लागणार नाही. ती उठली आणि शेजारच्या गुणाजीकडे गेली.

गुणाजीचा गणपतीचा कारखाना. माणूस कल्पक, नको तिथं जास्तच. तो म्हणाला, "वैनी, नळाला पाणीच यायला पायजे ना? ते पाइपातनं आलं का गुणाजीकडनं, नळाला काय कळतंय!" त्यानं आपल्या माळ्यावर रंगाचा एक मोठा पिंप चढवला, आळीतल्या बायांकडून हंडा हंडा जमवून भरला, आणि भिंतीमागून काळुरामच्या मोरीतल्या नळाला रबरी नळी जोडून दिली. पिंप तीन वेळा घासला होता, अशी तो आजही शपथ घेतो.

रविवारी बरोबर चारला पाहुणे आले. काळुराम कुंभार आळीत होता. काशीबाईनं पाटावर बसायच्या आधी, चहा घ्यायच्या आधी, पदर खोचला आणि विचारलं, "मोरी कुठं गो?"

इंदुबाईनं देवाचं नाव घेतलं. काशीबाईनं नळ सोडला. धो धो पाणी! दारातून डोकावणाऱ्या बायांनी स्वतःच हंडे ओतले होते, तरी त्यांना गलबलून आलं. त्यांच्या आळीत दुपारी चारला पाणी! दत्तात्रेय कौतुकानं म्हणाले, "बघ, पाणीवाल्याचं घर हाय. बारा महिने असंच असेल."

"चोवीस तास," इंदुबाई म्हणाली. एवढं बोलायला नको होतं.

काशीबाईनं चूळ भरली. तोंड धुतलं. मग एसटीतल्या धुळीनं माखलेले पाय नळाखाली धरले, निवांत, एकावर एक घासत. तिनं पाय काढले आणि खाली बघितलं. घोट्यापासून खाली पावलं गुलाबी झाली होती. साधी गुलाबी नव्हे. आपल्या गणपतीच्या अंगाला जो रंग देतात तो, लोण्यासारखा, जरा केशरी झाक असलेला. पेणमधलं शेंबडं पोरही तो ओळखेल.

"ह्यो कसला रंग?" काशीबाईनं विचारलं.

इंदुबाई म्हणाली, "पाण्यात... जरा लोह हाय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून गुणाजीचा आवाज आला, "वैनी, बंद करा लवकर, पिंप संपत आला, तळाचा रंग सुटतोय!"

दत्तात्रेय इतके हसले की टोपी पडली. काशीबाई हसली नाही. ओल्या गुलाबी पायांनी ती अंगणात आली आणि उभी राहिली. त्याच वेळी खांद्यावर चावी घेऊन काळुराम दारात आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पाहुणीच्या पायांकडे बघून तो आधी नमस्कार करायलाच वाकला होता.

"पावणं," काशीबाई म्हणाली, "खरं सांगा. तुमच्या नळाला पाणी कधी येतं?"

खोटं बोलावं असं काळुरामला वाटलंही असेल. पण त्याला ती सवय नव्हती, आणि सवय नसलेलं काम तो कधी करत नसे. "दिवसाआड. पहाटे पावणेपाचला. वीस मिनिटं."

"आणि पेठेत?"

"रोज. दोन तास."

दाराशी जमलेल्या आळीत कुजबुज झाली. दोन तास? रोज?

"मग तुमच्याकडं कमी का?"

"चढ हाय."

"पेठेची चावी मिटली तर चढतं का नाय?"

काळुरामनं खांद्यावरची चावी उतरवून भिंतीला टेकवली. नंतर अगदी हळू म्हणाला, "चढतं."

आता आळीत कुजबुज नव्हती, गलका होता. बावीस वर्षं ज्या टेकाडाला शिव्या घातल्या ते बिचारं निर्दोष सुटलं होतं! काशीबाईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मग तुमच्या नावाचं पुण्य आमच्या पोरीनं घागरीत भरून ठेवायचं काय? एक काम करा. सगळ्यांसमोर सांगा, उद्यापासून या आळीला रोज तासभर. आत्ता साखर वाटते."

पुंडलिक खांबाशी उभा होता. त्यानं बापाकडे असं बघितलं की दगड विरघळावा. काळुरामला सगळं कळत होतं. पेठेतले दुकानदार दुसऱ्या तासाला नुसत्या पायऱ्या धुतात हेही त्याला माहीत होतं. पण डोळ्यासमोर विमलबाई आली, आणि तिचं ते भर बाजारातलं तोंड.

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला.

"लोकांसाठी सून शोधताय का?"

"नाय जमणार," काळुराम म्हणाला.

इंदुबाई तिथंच पायरीवर बसली. काशीबाईनं चपला शोधायला सुरुवात केली. तेव्हा पुंडलिक, जो बापासमोर कधी मोठ्यानं खोकलासुद्धा नव्हता, तो म्हणाला, "मी रोह्यालाच खोली घेतो. कुंडलिका नदीच्या काठाला. कंपनीपण जवळ."

काशीबाई थांबली. "नळ?"

"दोन्ही वेळ."

"बघून येते."

दुसऱ्या दिवशी ती खोली बघून आली. म्हणजे खोली तिनं बघितलीच नाही, फक्त नळ बघितला, पाऊण तास. वैशाखात लग्न लागलं. लग्नापर्यंत तिच्या टाचा गुलाबीच होत्या, असं वऱ्हाडी सांगतात.

इकडे आळीतल्या बायकांनी वेगळंच मांडलं. लग्नाची हळद उतरायच्या आत त्या पेठेतल्या व्हॉल्वच्या झाकणावर जाऊन बसल्या, विणकाम, निवडायची पालेभाजी, लेकरंबाळं घेऊन. काळुराम चावी घेऊन आला तर उठेनात. सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं? विमलबाई! तिची लेक आता वरच्या आळीत दिली होती. "माझ्या लेकीच्या दारात वाळू नि या पेठेच्या दारात नदी?" काळुराम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि वेळ बदलली. वरच्या आळीला रोज एक तास.

पेठेतल्या कुणी हू की चू केलं नाही. दुकानांच्या पायऱ्या जरा मळल्या, एवढंच.

काळुरामच्या घरी आता हंडे, कळशा, बादल्या भरून मोरीतून पाणी अंगणात यायला लागलं. आणि पाणी वापरायला घरात दोन म्हातारी माणसं. सून नाही, मुलगा नाही. इंदुबाईनं एक महिना काढला. मग एका सकाळी घरातल्या सगळ्या गोधड्या तिनं मोटेत बांधल्या, आणि "धुवायला नेते" म्हणून रोह्याच्या एसटीत जाऊन बसली. दोन दिवसांत येणार होती. आठ दिवस झाले.

नवव्या दिवशी काळुरामनं रजा टाकली. बावीस वर्षांतली पहिली. चावी साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली तेव्हा साहेबाला घाम फुटला.

रोह्याला खोलीच्या दारातच नळ होता. नळाखाली इंदुबाई आणि काशीबाई, दोघी विहिणी गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून एकाच गोधडीची दोन टोकं पिळत होत्या. विषय काळुरामचाच चालला असावा, कारण तो दिसताच दोघी एकदम गप्प झाल्या आणि मग फिस्सकन हसल्या. हौसानं चहा आणून दिला. काळुराम पायरीवर अंग चोरून बसला.

चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "घरी आता पाणी येतंय. रोज. तासभर."

"ऐकलं," इंदुबाई म्हणाली, न बघता.

"म्हटलं, तुला सांगावं."

इंदुबाईनं गोधडीला शेवटचा पीळ दिला, वळणीवर टाकली, आणि न धुतलेल्या सहा गोधड्यांचा ढीग पायानं त्याच्याकडे सरकवला.

"मग ह्या तुम्ही घरी जाऊन धुवा."

काळुरामनं चहा संपवला. गोधड्यांची मोट बांधली, खांद्यावर घेतली, आणि पेणच्या गाडीची वेळ विचारत स्टँडाकडे निघाला.