चादरीचं टोक

"ज्याच्या हातात टोक, त्याचं बोलणं." घडीमावशीचं हे वाक्य कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात भिंतींनाही पाठ झालं होतं.

दवाखान्यांच्या चादरी तिथं धुऊन निघत. पुढच्या दालनात यंत्रं आणि पुरुष. मागच्या दालनात बायका, घड्या घालायला. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, ताणतात, झटकतात. मग एक जागेवर थांबते आणि दुसरी चालत येऊन आपली टोकं तिच्या हातात देते. मावशीचं अर्धं आयुष्य असं कुणाकडे तरी चालत जाण्यात गेलं.

पण घड्यांचा मुकादम कायम पुढच्या दालनातून यायचा. मावशीनं त्याला काम दाखवायचं, आणि दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून त्यानं तिलाच "नीट घाल गं" म्हणायचं. एकदा तिनं मॅनेजरला विचारलं, "आमच्यातली एखादी का नको?"

तो हसला. "मावशी, बायकांना चारचौघांत बोलता येतं का?"

ते हसू तिच्या पोटात निखाऱ्यासारखं राहिलं. विझलं नाही, तिनं विझू दिलं नाही.

मग तिनं मागच्या दालनातच शाळा काढली. जेवणाच्या सुट्टीत दोघींनी चादर ताणायची. एकीनं बोलायचं: काय हवं, का हवं, नाही मिळालं तर काय करणार. चादर ताणलेली असेतो दुसरीनं मध्ये तोंड घालायचं नाही. मग चालत यायचं, टोकं जुळवायची, की पाळी तिची. पहिल्या पहिल्यांदा बायका चादरीआड तोंड लपवायच्या.

"सासूच्या चुगल्या करताना लाजता का? मग इथंच काय झालं?" मावशी खेकसायची.

हळूहळू कंठ फुटले. सगळ्यांत आधी साळुंकीला. बडबडीपायीच पोरीला ते नाव पडलं होतं, पण पुरुष दिसला की तिची वाचा बसायची. तीच आता मुद्द्याला मुद्दा लावून बोलू लागली.

जुना मुकादम काम सोडून गेला आणि मॅनेजरनं आपला भाचा पुढे केला. बायकांनी साळुंकीचं नाव दिलं. मालकांनी सगळ्यांना पुढच्या दालनात बोलावलं.

साळुंकीनं सुरुवात झकास केली. "मालक, घड्यांचं काम आम्ही करतो. कोण आजारी, कुणाची पाळी कुठं लावायची, हे आम्हीच ठरवतो. तेव्हा मुकादमही..."

एवढ्यात मॅनेजर खुर्चीवरून उठला आणि हात मागे बांधून तिच्याकडे चालत आला. बोलला काहीच नाही. साळुंकी गप्प झाली.

"झालं? बघा मालक, मी म्हणत नव्हतो?"

मावशीला एकदम उमगलं. समोरचा चालत आला की आपली पाळी संपली, हे तिनंच बायकांच्या हाडात मुरवलं होतं! पण तिनं तरी नवीन काय केलं होतं? घरोघरी हेच. नवरा नुसता खाटेवरून उठला की बाईचं वाक्य अर्ध्यात तुटतं. मावशी तरातरा पुढे झाली. तिनं गाड्यावरची ओली चादर ओढली आणि मॅनेजरपुढे केली.

"धरा."

"हे काय?"

"धरा म्हणते. टोक आहे, विंचू नाही."

बायका फिसकन हसल्या. गोंधळून त्यानं टोकं धरली.

"आता मागे व्हा. आणखी मागे. ताणा! ढिली पडली, जमिनीला लागली, तर परत तुम्हीच धुवायची." दुसरी टोकं तिनं साळुंकीच्या हातात दिली. "बोल गं. आता हा येत नाही."

साळुंकीनं चादर ताणली. "मुकादम आमच्यातली हवी. भाच्याला काम शिकवू, पण आमच्या हाताखाली."

"आणि मी नाही म्हटलं तर?" मालकांनी विचारलं.

"तर उद्यापासून मामाभाच्यांनी घड्या घालाव्यात. आम्ही बसून बघू."

एकही बाई हसली नाही. मालकांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, गाड्यांवर साचलेल्या चादरींकडे पाहिलं. "बरं. साळुंकी बघेल ते दालन." मग आवाज चढला. "पण मावशी, हा तमाशा मी खपवून घेणार नाही. मॅनेजरांची माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"माफी?" मावशी म्हणाली. "न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची खोड या बायकांची मोडता मोडता माझे केस पिकले. आता मीच मागू?"

तिनं अंगावरचा एप्रन काढला, त्याची घडी घातली, चार पदरी, कडेला कड, आणि गाड्यावर ठेवली. बायका तिच्यामागे निघाल्या तशी ती गर्रकन वळली.

"कुठं निघालात? एवढं भांडून मिळवलेलं दालन मोकळं टाकाल तर तंगड्या मोडीन."

मग ती दारातून बाहेर पडली. ताठ. मान न वळवता.

साळुंकी फाटकापर्यंत तिची पाठ बघत होती. ताणलेल्या चादरीच्या पलीकडे मॅनेजरही बघत होता, हात अवघडलेले.

"सोडू का आता?" त्यानं विचारलं.

"नाही," साळुंकी म्हणाली. तिची नजर फाटकावरच होती. "आणून द्या."